एका डीपीवर १४ मोटरी आणि मुकादम कुणीच नको: स्टार्टरांनी आपापसात पाळी लावायची कशी?

कृष्णाकाठ_पलूस

मांडणी अशी आहे. १०० केव्हीएची डीपी (शेतीचा ट्रान्सफॉर्मर), तिच्यावर साडेसात एचपीच्या १४ मोटरी, बहुतेक सबमर्सिबल, सगळे डीओएल स्टार्टर, म्हणजे मोटर थेट लाईनवर टाकणारे. डीपीतून निघणारी एलटी (कमी दाबाची) लाईन दोन बाजूंना जाते. पूर्वेची आखूड आहे, पश्चिमेची ६०० मीटर, वीझल नावाची बारीक तार. प्रत्येक स्टार्टरला ऑटो, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप लावणारं उपकरण, बसवलेलं. थ्री फेज आली की सगळे ऑटो एकाच क्षणी कॉन्टॅक्टर (मोटर लाईनला जोडणारा चुंबकी स्विच) ओढतात. डीपीपाशी ३२० व्होल्ट दिसतात, टेलला, म्हणजे लाईनच्या टोकाला, त्याहून कमी. टेलचे कॉन्टॅक्टर तडतडतात, ओव्हरलोड (जादा करंट झाला की मोटर तोडणारा रिले) पडतो, नाहीतर पेटीतला फ्यूज जातो आणि मग चौदाही जण अंधारात.

‘ऑटो काढून टाका’ हा सल्ला ठाऊक आहे. पण रात्रीची पाळी असली की दीड वाजता उसात कोण जाणार? मध्यवर्ती पॅनेलही नको. तो कुणाच्या रानात ठेवायचा, सिमचं रिचार्ज कुणी मारायचं, इथूनच भांडण सुरू. शिवाय तो एक बिघडला की सगळे बसले.

प्रत्येक स्टार्टरच्या पेटीत एक छोटा बोर्ड, जो फक्त आपल्या जागेवरचं मोजेल आणि आपलं आपण ठरवेल, असं जमतं का? स्वयंसंघटित प्रणालींवर वाचायला पुष्कळ मिळतं, मुंग्या-पाखरांची उदाहरणंही मिळतात, पण मोटर चालवायला आकडे लागतात. डिले किती ठेवायचा, व्होल्टेजची मर्यादा किती, आणि नेमकं बिघडतं कुठे?

तीन_फेज

आधी हिशेब करू. इथे दुखणी दोन आहेत. ती एकत्र केली की उपाय चुकतो.

पहिलं दुखणं सुरू होतानाचं. साडेसात एचपी म्हणजे ५.५ किलोवॅट. एफिशियन्सी ७८ टक्के आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटातला कामाचा वाटा) ०.८ धरला तर एका मोटरला ८.८ केव्हीए, म्हणजे १२.३ अँपिअर. डीओएलवर सुरू होताना सहापट, ७४ अँपिअर. चौदा एकदम म्हणजे हजार-तीसच्या आसपास. डीपीचा फुल लोड करंट ४३३ व्होल्टला १३३ अँपिअर, इम्पिडन्स (आतला विद्युत अडथळा) साडेचार टक्के, म्हणून शॉर्ट सर्किटला साधारण २,९६० अँपिअर. आता ४३३ ला (१ + १०३०/२९६०) ने भागा: ३२१ व्होल्ट. तुमचा आकडा जुळला.

टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. ३२१ व्होल्टला तो ४१५ च्या मानाने ६० टक्केच उरतो. मोटरी वेग घेत नाहीत, सहापट करंट दोन सेकंदांऐवजी दहा सेकंद वाहत राहतो, फ्यूज जातो. कॉन्टॅक्टरच्या कॉइलने ८५ टक्के व्होल्टेजला, म्हणजे ३५३ ला, ओढायलाच पाहिजे असा नियम आहे. त्याखाली ओढेलच याची हमी नाही. टेलची तडतड ती हीच.

दुसरं दुखणं चालू असतानाचं. १४ × ८.८ = १२३ केव्हीए, तेही १०० च्या डीपीवर. मोटरी एकेक करून सुरू केल्या तरी हा आकडा हलत नाही. ११ मोटरी बसतात, तीन उरतात. म्हणून बोर्डाच्या आधी कपॅसिटर लावा. मोटरमागे ३ केव्हीएआरचा (हे कपॅसिटरचं माप) लावला की पॉवर फॅक्टर ०.९५ च्या घरात जातो, करंट १२.३ वरून १०.३ वर येतो आणि त्याच डीपीवर १३ मोटरी बसतात. कपॅसिटर कॉन्टॅक्टरच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडायचा, म्हणजे मोटर बंद झाली की तोही बंद. लावल्यावर लाईनच्या बाजूने क्लॅम्प मीटर लावून बघा. दोन अँपिअर उतरले नाहीत तर कपॅसिटर मेलेला आहे किंवा एक फेज सुटलेली आहे.

हे झाल्यावर स्वयंसंघटनाला काम उरतं ते एवढंच: सुरुवात विखुरणं, आणि उरलेल्या एखाद-दुसऱ्या मोटरची पाळी फिरती ठेवणं.

बोर्डवाला_मिरज

होय, जमतं. चौदा बोर्डांमध्ये सामाईक असलेली एकच गोष्ट म्हणजे लाईनचं व्होल्टेज, आणि ते प्रत्येकाला फुकटात वाचता येतं. कुणी मोटर लावली की ते उतरतं, बंद केली की चढतं. निरोप्या तोच.

नियम असा ठेवा. थ्री फेज आल्यावर पहिले ६० सेकंद कुणीच काही करायचं नाही. नंतर प्रत्येकाने ० ते ६०० सेकंदांतला एक रँडम आकडा काढायचा. वेळ भरली की मागच्या १० सेकंदांची सरासरी बघायची, तिन्ही फेज जोड्यांतली सगळ्यात कमी घ्यायची. ती ३७५ च्या वर असेल तर सुरू. नसेल तर पुन्हा चिठ्ठी, म्हणजे नवा रँडम आकडा, या वेळी २ ते ५ मिनिटांची, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला अवधी दुप्पट, कमाल २० मिनिटं. कल्पना जुनीच आहे. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफने इथरनेट मांडलं, त्यातही एकच केबल वाटून घेताना धडक झाली की रँडम वेळ थांबायचं, असंच होतं.

६०० सेकंद का? मोटर वेग घ्यायला २ सेकंद धरा. १४ मोटरी १० मिनिटांत विखुरल्या तर निम्म्या वेळा कुठल्यातरी दोन एकमेकींवर येतात. येऊ द्या, १४८ अँपिअर डीपी सहज सोसते. तीन एकत्र येण्याची शक्यता शंभरात एक. हाच अवधी ६० सेकंद केलात तर तीन मोटरींची गाठ जवळजवळ रोजची. आठ तासांतली सरासरी पाच मिनिटं जातात, त्यात कुणाचा ऊस वाळत नाही.

बंद करण्याचा नियम जास्त जपून लिहा. सगळ्यांना ‘३५० च्या खाली गेलं की बंद’ असं सांगितलंत तर सगळे एकदम बंद होतील, व्होल्टेज ४२५ ला जाईल, सगळे पुन्हा सुरू, आणि हे दिवसभर. म्हणून ३५० च्या खाली गेल्यावर ३० ते १८० सेकंदांतला रँडम काळ थांबा आणि बंद करण्याच्या क्षणी पुन्हा मोजा. तेवढ्यात दुसरं कुणी थांबलं असेल आणि व्होल्टेज वर आलं असेल तर तुम्ही थांबायची गरज नाही. ३५० आणि ३७५ मधली फट आपल्या स्वतःच्या मोटरच्या परिणामापेक्षा मोठी हवी, नाहीतर बोर्ड स्वतःच्याच सावलीला घाबरतो. ६०० मीटरच्या टेलला एक चालती मोटर साधारण १२ व्होल्ट खाते, म्हणून २५ ची फट पुरते.

एकदा सुरू झाली की किमान ४० मिनिटं चालू, एकदा बंद की किमान १५ मिनिटं बंद. एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळत असेल तर पाईपमधलं पाणी खाली उतरताना पंप उलटा फिरतो. त्यातच चालू केलं तर शाफ्ट किंवा कपलिंग जातं. मोटर जळण्याचा धोका असेल तर मात्र ओव्हरलोड लगेच पडलाच पाहिजे. त्याच्या आणि सिंगल फेज प्रिव्हेंटरच्या (एक फेज गेली की मोटर बंद करणारा) वाटेत बोर्डाने येऊ नये. ते दोन्ही तारेनेच जोडलेले राहू द्या.

आता सगळ्यात जास्त वेळा फसतं ते. बोर्ड सुरू झाला की प्रोग्राममधलं रँडम फंक्शन दर वेळी त्याच आकड्यापासून चालू होतं. चौदा बोर्डांत एकच प्रोग्राम टाकलात की चौदांचा ‘रँडम’ आकडा एकच, आणि तुम्ही १० मिनिटं थांबून पुन्हा एकदम फ्यूज उडवलात. एसटीएम३२ या कंट्रोलर चिपमध्ये प्रत्येक चिपचा ९६ बिटचा वेगळा क्रमांक असतो, तो बी (रँडमची सुरुवात ठरवणारा आकडा, सीड) म्हणून वापरा. पण एकाच लॉटच्या चिपांत थोडेच बिट वेगळे असतात, म्हणून तो हॅशमधून घुसळून घ्या. नुसता क्रमांक वापरलात तर आणखी एक गंमत: रोज तोच आकडा निघतो, रोज तोच शेतकरी पहिला आणि तोच शेवटचा. त्यात लाईट किती वेळा आली त्याचा मोजणारा आकडा मिसळा आणि तो फ्लॅशमध्ये (लाईट गेली तरी टिकणारी मेमरी) जपून ठेवा. ईएसपी३२ या दुसऱ्या चिपमध्ये हार्डवेअर रँडम आहे, पण वायफाय-ब्लूटूथ बंद असताना तो खराखुरा रँडम राहत नाही.

जोडणीबद्दल. मोटरच्या पेटीत न्यूट्रल नसतो, सगळं ४१५ वर. २३० चे छोटे एसएमपीएस (पॉवर सप्लाय) मॉड्यूल फेज-फेजला लावले की धूर. ४४०/१२ व्होल्टचा अर्धा अँपिअर ट्रान्सफॉर्मर घ्या, त्याच्या आधी फ्यूज आणि २०डी७५१के चा एमओव्ही (जादा व्होल्टेजचा झटका गिळणारा भाग). मोजायला झेडएमपीटी१०१बी (व्होल्टेज मोजायचा छोटा ट्रान्सफॉर्मर) चालतो, पण नुसता ट्रान्सफॉर्मर घ्या. तयार मॉड्यूलवरचा छोटा पॉट उन्हात सरकतो. प्रायमरीला १५० किलोओहमचे एक वॅटचे तीन रेझिस्टर सिरीजमध्ये (एकच मोठा नको, एकावर ४१५ व्होल्ट सोसत नाहीत), सेकंडरीला ६८० ओहम, मधोमध १.६५ व्होल्टचा बायस. ४१५ ला साधारण ०.६३ व्होल्ट आरएमएस मिळतो. दुकानात मिळणारा निळा रिले २५० व्होल्टचा असतो, त्याने ४१५ ची कॉइल तोडू नका, कॉन्टॅक्ट चिकटतात. १२ व्होल्टचा रिले आणि त्याच्यामागे ४४० व्होल्ट रेटिंगचा छोटा कंट्रोल कॉन्टॅक्टर ठेवा.

जुना_वायरमन

बोर्डवाले, सगळं बरोबर, पण पहिल्या दुखण्याला एवढं लागत नाही. प्रत्येक पेटीत ऑन-डिले टायमर बसवा, पहिल्याला २० सेकंद, दुसऱ्याला ४०, असं चौदाव्याला २८०. पाच मिनिटांच्या आत सगळ्या मोटरी लागल्या. प्रोग्राम नाही, चिठ्ठी नाही, गावातला कुठलाही पोरगा बदलून देईल.

‘माझा टायमर पहिला’ म्हणून एखादा डिले शून्य करणारच. करू द्या. तीन_फेज यांच्याच सूत्राने बघा, आठ जण एकदम लागले तरी डीपीपाशी ३६१ व्होल्ट राहतात. दोघा-तिघांनी लबाडी केली म्हणून डीपी पडत नाही. दहा जणांनी केली तर पडते. तेव्हा मात्र टायमर काय आणि बोर्ड काय, गावकीत बसूनच मिटवावं लागतं.

आणि एक. जे करायचं ते आपल्या स्टार्टरच्या पेटीत. डीपीच्या पेटीला हात लावायचा नाही. वर ११ केव्ही आहे.

तीन_फेज

वायरमन अण्णांशी सहमत, चौदा ओळखीच्या माणसांना टायमर पुरतो. टायमर कमी पडतो तो दुसऱ्या दुखण्याला: डीपीवर जागा ११ ची किंवा १३ ची आणि मोटरी १४, तर आज कोण थांबणार हे टायमरला कळत नाही. पंधरावं कनेक्शन आलं तर सगळे टायमर पुन्हा लावावे लागतात, रँडम बोर्डाला त्याचा पत्ताही लागत नाही.

ग्रिड_आणि_ऊस

बोर्डवाल्यांच्या नियमात एक मोठं भोक आहे. टेलचा शेतकरी उपाशी राहतो.

डीपीखालची मोटर घ्या. १२३ केव्हीए लोडला डीपीच्या आतली घट जेमतेम २० व्होल्ट. म्हणजे तिला ४१२ दिसतात, सगळं छान. त्याच वेळी पश्चिमेच्या टोकाला ३४५. ३५० ची मर्यादा सगळ्यांना सारखी असेल तर दर वेळी टेलवालाच थांबणार आणि डीपीखालचा कधीच नाही. नियम सारखा, पाणी मात्र सारखं नाही. शिवाय टेलला मोटर सुरू होताना तिचा स्वतःचा ७४ अँपिअर लाईनमध्ये ५०-५५ व्होल्ट खातो, म्हणून ३७५ दिसत असतानाही सुरू होता होता ती ३२० ला जाते.

डीपीखालच्यांची मर्यादा वाढवून ४१५ करावी म्हणाल, तर ११ केव्हीच पाच टक्के हललं की खाली २० व्होल्ट हलतात. त्या फीडरवर तुमच्यासारख्या कितीतरी डीप्या आहेत. डीपीखालच्या बोर्डाला कळणारच नाही की हे २० व्होल्ट आपल्यामुळे पडले की शेजारच्या गावामुळे. फ्रीक्वेन्सी मोजायचाही मोह होतो, तो सोडा. ती अख्ख्या देशाच्या ग्रिडची एकच असते, तुमच्या डीपीबद्दल ती काहीच सांगत नाही.

सारखी मर्यादा सगळीकडे लावली की काय होतं याचं मोठं उदाहरण जर्मनीत आहे. तिथल्या सोलर इन्व्हर्टरांना नियमच होता की फ्रीक्वेन्सी ५०.२ हर्ट्झच्या वर गेली की तुटायचं. सोलर थोडं होतं तोवर ठीक होतं. ते हजारो मेगावॅट झाल्यावर लक्षात आलं की एका क्षणी सगळं एकदम तुटलं तर ग्रिडच झोपेल. मग ५०.२ च्या वर हळूहळू उत्पादन कमी करायचा नियम आला आणि २०१२ पासून जुन्या इन्व्हर्टरांतही तसा बदल करून घ्यावा लागला. तुमच्या चौदा बोर्डांना हाच धडा लागू आहे.

दोन सुधारणा करा.

एक, रेडिओशिवाय होणारी. प्रत्येक बोर्डाने आपल्या मोटरचा परिणाम शिकायचा. सुरू होण्याआधीचं व्होल्टेज, सुरू होताना किमान किती झालं, आणि एक मिनिटाने किती, हे तीन आकडे नोंदवून मागच्या आठ-दहा वेळांची सरासरी ठेवा. मग ३७५ हा आकडा छापील राहत नाही. नियम असा होतो: आत्ताचं व्होल्टेज वजा माझी चालू घट ३५५ च्या वर, आणि आत्ताचं वजा माझी सुरुवातीची घट ३१५ च्या वर. लाईन कुठून कशी गेलीय याचा नकाशा कुणाला द्यावा लागत नाही. ३१५ ला कॉन्टॅक्टर आधीच ओढलेला असतो, त्यामुळे तो सहसा टिकतो, पण कॉइल जुनी असेल तर तिथेच तडतडेल. ती बदलूनच घ्या.

दोन, बोर्डांना थोडं बोलू द्या. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना आहे, त्यात लोरा मॉड्यूल (थोड्या विजेवर लांबवर निरोप पाठवणारा रेडिओ) चालतं. गेटवे नको, इंटरनेट नको. प्रत्येकाने मिनिटाला एकदा १२ बाइट ओरडून सांगायचे: माझा क्रमांक, माझं व्होल्टेज, चालू की बंद, किती मिनिटं चालू किंवा किती मिनिटं थांबलेला. स्प्रेडिंग फॅक्टर (निरोप किती सावकाश पाठवायचा त्याचं माप) ९ ला हा निरोप १४५ मिलिसेकंदांत जातो. चौदा मिळून हवेचा साडेतीन टक्के वेळ लागतो, शंभरातले सहा-सात निरोप एकमेकांवर आदळून जातात, बिघडत नाही. निरोपाची वेळ मात्र ४५ ते ७५ सेकंदांत रँडम ठेवा. बरोबर ६० ठेवलीत तर जे दोघे एकदा आदळले ते बराच काळ आदळतच राहतात.

मग नियम: ऐकलेल्या सगळ्यांतलं किमान व्होल्टेज सलग तीन निरोपांत ३५० च्या खाली असेल, तर जो सगळ्यात जास्त वेळ चालू आहे त्याने थांबायचं. ‘मीच तो’ हे प्रत्येकाला ऐकलेल्या आकड्यांवरून कळतं, कुणी सांगावं लागत नाही. किमान ३७५ च्या वर असेल तर सगळ्यात जास्त थांबलेल्याने सुरू करायचं. आता डीपीखालचाही टेलसाठी थांबतो. पाच मिनिटं कुणाचाच निरोप आला नाही तर बोर्डवाल्यांच्या जुन्या नियमावर परत.

यात भीती एकाच गोष्टीची. एका बोर्डाचा मोजणारा रेझिस्टर तुटला, तो ‘२०० व्होल्ट’ म्हणून ओरडत बसला, तर तेरा जण शहाण्यासारखे एकेक करून थांबतील आणि डीपी रिकामी पडेल. म्हणून एका बोर्डाच्या तक्रारीवर २० मिनिटांत एकच मोटर थांबावी. आणि दोन मोटरी थांबूनही ज्याचं व्होल्टेज पाच व्होल्टही चढलं नाही, त्याचं ऐकणं त्या दिवसापुरतं सोडून द्यावं.

अँटेना लोखंडी पेटीत ठेवू नका, काहीच बाहेर जात नाही. उभा ऊस दहा-बारा फूट होतो आणि ओला असतो. पाच मीटरच्या पाईपवर अँटेना चढवा, खाली अर्थिंग द्या.

कृष्णाकाठ_पलूस

भरपूर मिळालं. कपॅसिटर आणि टायमर लगेच करतो, बोर्ड पश्चिमेच्या लाईनवर आधी. दोन प्रश्न. रानात लावण्याआधी टेबलावर कसं तपासायचं? आणि लाईट क्षणभर जाऊन आली तर?

बोर्डवाला_मिरज

टेबलावर सहा बोर्ड, प्रत्येकाच्या रिलेवर १०० वॅटचा पिवळा बल्ब (एलईडी नाही), आणि सगळ्यांच्या आधी सिरीजमध्ये ९ ओहमचा १०० वॅटचा ऱ्होस्टॅट. सहा बल्ब लागले की २.६ अँपिअर, २० व्होल्टच्या वर उतरतात. थंड फिलामेंट क्षणभर दहापट करंट घेतं, त्यामुळे सुरुवातीची घटही थोडीफार दिसते. हे २३० वर चालणार, म्हणून प्रायमरीचे रेझिस्टर, बोर्डाचा सप्लाय आणि मर्यादा त्या मापाने बदलून घ्या. मग मेन स्विच पन्नास वेळा बंद-चालू करा आणि कोण कितव्या सेकंदाला लागला ते लिहून काढा. क्रम दर वेळी बदलला पाहिजे. तोच तोच आला तर बी चुकलंय. ऱ्होस्टॅट हळूहळू वाढवत न्या आणि बघा, बल्ब एकेक करून विझतात की झुंडीने.

जुना_वायरमन

क्षणभराच्या झटक्याचं मी सांगतो, टायमरवाल्यांनीही ऐका. लाईन पाव सेकंद गेली की कॉन्टॅक्टर सुटतो, पण टायमरच्या आणि बोर्डाच्या आतला कपॅसिटर तेवढा वेळ तग धरतो. त्यांना वाटतं लाईट गेलीच नाही, त्यांचा कॉन्टॅक्ट बंदच राहतो, आणि लाईन परत येताच चौदा कॉन्टॅक्टर एकदम ओढतात. सगळा डिले वाया.

उपाय: कॉन्टॅक्टरचा एक मोकळा एनओ ऑक्झिलरी (एरवी उघडा, कॉन्टॅक्टर ओढला की मिटणारा जोड) कॉन्टॅक्ट बोर्डाच्या इनपुटला आणा, ऑप्टोकपलरमधून (थेट तार न जोडता उजेडाने सिग्नल देणारा भाग). बोर्ड ‘चालू’ म्हणतोय आणि ऑक्झिलरी उघडलेला आहे असं १०० मिलिसेकंद दिसलं की रिले सोडायचा आणि पहिल्यापासून चिठ्ठी काढायची. बोर्ड नसेल, नुसता टायमर असेल, तर त्याच्या पुढे होल्डिंग सर्किट करा: टायमरने कॉन्टॅक्टरला फक्त एकदा धक्का द्यायचा, पुढे कॉन्टॅक्टरने स्वतःच्या ऑक्झिलरीवर धरून राहायचं. सुटला की सुटला. मग टायमरचा सप्लायही त्याच ऑक्झिलरीच्या एनसी (एरवी मिटलेल्या) कॉन्टॅक्टमधून घ्या, म्हणजे कॉन्टॅक्टर सुटला की टायमर शून्यावरून मोजायला लागतो. रिसेट व्हायला अर्धा सेकंद लागणारे टायमर घेऊ नका, पेटीवर रिसेट टाइम लिहिलेला असतो, १०० मिलिसेकंद किंवा त्याखालचा बघून घ्या.